वार लावून जेवा

"सध्या मास्टर्स चालू आहे रे, दोन-तीन वर्षं मला धरू नका." हे वाक्य आमच्या हापिसात हल्ली साथीसारखं पसरलंय. कोणी नोकरी सांभाळून एमटेक करतंय, कोणी वीकांताचं एमबीए, तर कोणी परदेशी विद्यापीठाचं ऑनलाइन मास्टर्स. शिकायला माझी ना नाही, मी स्वतःच त्या रांगेत उभा आहे. माझं भांडण आहे ते त्या वाक्याच्या उत्तरार्धाशी. शिकायला लागलेला माणूस वेळापत्रकात सगळ्यात आधी कशावर फुली मारतो? सिनेमावर नाही, फोनवर तर नाहीच नाही. मित्रांबरोबरच्या जेवणावर मारतो. आणि वर त्याला त्याग वगैरे म्हणतो.

मला वाटतं, ती फुली चुकीच्या चौकोनात पडते. नोकरी आणि पदवी दोन्ही निभवायचं असेल तर मित्रांबरोबरचं जेवण आधी कॅलेंडरात टाकावं आणि अभ्यास त्याच्या आजूबाजूला रचावा. हे आळशी माणसाचं तत्त्वज्ञान वाटत असेल तर थोडं थांबा, हिशोब मांडतो.

मी जॉर्जिया टेकचं ऑनलाइन एमएस करतोय. म्हणजे विद्यापीठ अटलांटात आणि विद्यार्थी कोथरूडात. हा अभ्यासक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला, तेव्हा अख्ख्या पदवीचा खर्च ७,००० डॉलरच्या आत म्हणून बराच गाजावाजा झाला होता. एकूण १० विषय. नोकरी करणारे बहुतेक जण एका सत्रात एकच विषय घेतात. वर्षाला तीन सत्रं धरली आणि एकदाही दम खाल्ला नाही तरी सव्वातीन वर्षांच्या वर जातात. मधे एखादं लग्न, एखादं आजारपण, एखादं रिलीज आलं की चार वर्षं धरून चाला.

गडबड इथेच होते. आपल्या डोक्यात अभ्यास म्हटलं की बारावी असते. बारावीला आईबाबांनी केबल काढून टाकली होती, गणपतीत मांडवात जायला बंदी होती, मावशीच्या घरचं कार्यही चुकलं होतं. ते चाललं, कारण ते एका वर्षाचं होतं आणि पुढे काय हे सगळ्यांना माहीत होतं. तोच उपाय चार वर्षांच्या कामाला लावला तर त्याला अभ्यास नाही, वनवास म्हणतात. आणि रामायणातसुद्धा वनवासात बरोबर दोन माणसं होती :)

दुसरा मुद्दा वेळेचा. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी १९५५ साली 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये एक खुसखुशीत लेख लिहिला होता. त्याचं सार असं, की कामाला जेवढा वेळ द्याल तेवढा वेळ ते काम खातं. त्यांच्या डोळ्यांसमोर सरकारी कचेऱ्या होत्या, पण हा नियम शनिवारच्या अभ्यासाला जसाच्या तसा लागतो. अख्खा दिवस रिकामा ठेवून अभ्यासाला बसलेला माणूस बघा. दहाला लॅपटॉप उघडतो. साडेदहाला एडिटरची थीम बदलतो. अकराला चहा. बाराला लेक्चर दीडपट वेगाने लावतो आणि फोनवर भलतंच काहीतरी बघतो. संध्याकाळी सहाला त्याच्या खाती दोन तासांचा अभ्यास आणि आठ तासांचा अपराधीपणा जमा असतो. त्याच माणसाला सांगा, साडेसातला डेक्कनवर पोचायचंय. सातच्या आत त्याचा कोड सगळे टेस्ट पास करतो. करावाच लागतो.

आमच्या अभ्यासक्रमात तर यावर एक मजेशीर सोय आहे. माझ्या बऱ्याचशा विषयांत असाइनमेंटची मुदत रविवार रात्री ११:५९, 'एनीव्हेअर ऑन अर्थ' अशी असते. पृथ्वीवर कुठेही रविवार शिल्लक असेल तोवर तुमचा रविवार संपलेला नाही, असा त्याचा अर्थ. हा टाइमझोन यूटीसीच्या १२ तास मागे, आणि आपण साडेपाच तास पुढे. बेरीज करा: पुण्यात मुदत संपते सोमवारी संध्याकाळी ५:२९ ला! आता यावर दोन प्रकारची माणसं असतात. पहिली म्हणतात, चला, रविवारही अभ्यासाला आणि सोमवारचं हापिसही अभ्यासाला. दुसरी शनिवारी संध्याकाळी सहा हीच मुदत मानतात आणि उरलेले साडेसत्तेचाळीस तास बफर म्हणून ठेवतात. मी दुसऱ्या गटातला. आजवर त्या बफरातून कधी चार तास लागले, कधी दहा. शनिवारची संध्याकाळ मात्र शाबूत राहिली.

हे झालं वेळेचं गणित. पण नुसत्या गणितासाठी मी एवढं लिहिलं नसतं.

आमचा पाच जणांचा कंपू आहे, कॉलेजपासूनचा. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे, त्यावर रोज काही ना काही पडतं. २०२४ साली यातल्या एकाची नोकरी गेली. कंपनीने एका दुपारी चाळीसेक जणांना मीटिंगला बोलावलं आणि विषय संपवला. त्यानंतर तीन आठवडे हा पठ्ठ्या ग्रुपवर नेहमीसारखाच होता. कोणाच्या बाळाच्या फोटोला बदाम, कोणाच्या विनोदाला हसरा चेहरा. आम्हाला कोणालाही संशय आला नाही, आणि येणार तरी कसा? अंगठ्याच्या चित्राला आवाज नसतो.

मग ठरलेला शनिवार आला. दोघांच्या परीक्षा तोंडावर होत्या, तरी चौघं जमलो. गुडलकमध्ये बसलो होतो. बनमस्का संपला, दुसरा चहा आला, आणि दुसऱ्या चहाच्या मध्यावर तो म्हणाला, "मी घरून रोज डबा घेऊन निघतो. लायब्ररीत बसतो. बायकोला अजून सांगितलेलं नाही." टेबल एकदम गप्प झालं. त्या दिवशी आम्ही काही थोर केलं नाही. एकाने ओळखीच्या दोन ठिकाणी बायोडाटा पाठवायचं कबूल केलं, एक जण त्याच्याबरोबर घरापर्यंत गेला. रात्री त्याने बायकोला सांगितलं. दोन-अडीच महिन्यांनी नोकरीही लागली. पण नोकरी लागली नसती तरी मी हेच म्हणालो असतो, की तो दुसरा चहा व्हायलाच हवा होता. त्या शनिवारी चौघांनीही "परीक्षा आहे रे" म्हटलं असतं तर तो आणखी किती दिवस डबा घेऊन निघाला असता, कुणास ठाऊक.

रॉबिन डनबर या शास्त्रज्ञाने २०१७ साली ब्रिटनमधल्या लोकांच्या पाहणीवर एक शोधनिबंध लिहिला. इतरांसोबत वरचेवर जेवणारी माणसं जास्त समाधानी असतात, आणि अडीनडीला हाक मारता येईल असे मित्रही त्यांना जास्त असतात, असं त्यात दिसलं. मैत्री असते म्हणून लोक एकत्र जेवतात, यापेक्षा एकत्र जेवतात म्हणून मैत्री घट्ट होते, असा त्याचा कल आहे. अमेरिकेतल्या जेफ्री हॉलचा २०१८ चा अभ्यास सांगतो की ओळखीच्या माणसाचा जिवाभावाचा मित्र व्हायला साधारण २०० तासांहून जास्त सहवास लागतो. तिशीतल्या नोकरदाराने हे २०० तास नव्याने कुठून आणायचे? आपल्याकडे जे आहेत ते कॉलेजच्या कट्ट्यावर कमावलेले आहेत. त्यांची नुसती देखभाल करायची आहे, आणि देखभाल न केलेल्या कोडचं काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता शीर्षकाकडे येतो. जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी 'वार लावून' जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार सात घरी. या पद्धतीचं मला उदात्तीकरण करायचं नाही. त्यात लाचारी होती, ओशाळं होणं होतं, आणि ती घरं सगळ्या जातींच्या मुलांसाठी उघडी नव्हती. म्हणून तर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहाचं मोल मोठं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची आणि शिकायची. शिक्षण आणि पंगत या दोन वेगळ्या गोष्टी त्यांनी मानल्याच नाहीत.

वार लावण्यातली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे: वार ठरलेला असायचा. "या आठवड्यात जमेल का बघू" हा प्रकार नव्हता. आपल्या मैत्र्या भांडणाने फारशा तुटत नाहीत, "भेटू रे एकदा" या वाक्याने तुटतात. म्हणून आम्ही वार लावलाय. महिन्याचा पहिला आणि तिसरा शनिवार. त्याचे नियमही आहेत, आणि ते अनुभवातून घासून गुळगुळीत झालेले आहेत:

१. नाही म्हणायचं असेल तर गुरुवारपर्यंत म्हणा. शुक्रवारी रात्रीचं "सॉरी यार" चालत नाही.

२. जागा कोणी ठरवायची? त्या महिन्यात ज्याचा खिसा सगळ्यात हलका आहे त्याने. आणि का हलका, हे कोणी विचारायचं नाही.

३. परीक्षा असलेल्याने तासभर यायचं, जेवायचं, उठायचं. "बस रे, जाशील" म्हणणाऱ्याने सगळ्यांचं बिल भरायचं.

४. परीक्षेच्या आठवड्यात भेट सकाळी.

दुसऱ्या नियमाबद्दल थोडं सांगतो, कारण खरी मेख तिथे आहे. "बाहेर जेवणं परवडत नाही" ही तक्रार खोटी नाही. बाणेर नाहीतर कोरेगाव पार्कातल्या एखाद्या गच्चीवर बसलात तर माणशी हजार-दीड हजार सहज जातात, वर गाणी इतकी मोठ्याने की समोरच्याची नोकरी गेली हेही ऐकू येणार नाही. फीचा हप्ता भरणाऱ्याला तिथे बोलावणं म्हणजे त्याला न येण्याचं निमित्त देणं. पण पुण्याचं एक बरं आहे, इथे स्वस्त आणि जुनी ठिकाणं अजून टिकून आहेत. गुडलक १९३५ चं. त्याच वर्षी मूकपटांच्या जमान्यातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस सुरू केलं. वैशालीचे जगन्नाथ शेट्टी २०२३ मध्ये गेले, पण एसपीडीपीसाठीची रांग काही हटलेली नाही. आणि नारायण पेठेत बेडेकरांकडे मिसळीबरोबर पावाऐवजी स्लाइस का, हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.

सकाळची मिसळ हा तर विद्यार्थ्यांसाठीचा हुकमी एक्का. आठला भेटा, दहाला मोकळे. अख्खा शनिवार हातात, पोट भरलेलं, डोकं हलकं. आमच्यातला एक पिंपरीहून येतो. पूर्वी त्याचं निम्मं आयुष्य ट्रॅफिकमध्ये जायचं. ऑगस्ट २०२३ पासून तो मेट्रोने सिव्हिल कोर्टला गाडी बदलून डेक्कनला उतरतो, आणि येताना गाडीत लेक्चर बघून संपवतो. त्याचाही अभ्यास बुडत नाही.

"त्यापेक्षा घरीच मागवू ना, वेळ वाचतो," असं सुचवणारे बरेच भेटतात. वाचतो, कबूल. पण दारात आलेला डबा आपण लेक्चर बघत बघत, कोपराने कीबोर्ड सरकवत संपवतो. ते पोट भरणं झालं. जेवायला बसणं वेगळं.

ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे, आजारी आईवडील आहेत, जे रात्रपाळी करून शिकतायत, त्यांना महिन्यातून दोनदा हे जमणार नाही, याची मला जाणीव आहे. त्यांनी महिन्यातून एकदा करावं. तेही नसेल तर त्यांच्या घरी चार जणांनी मिसळीचं पार्सल घेऊन जावं. वार महत्त्वाचा, ठिकाण नाही.

पदवीचा कागद चार वर्षांनी मिळेलच. त्या दिवशी फोटो टाकला की दीडशे लाइक पडतील. पण पार्टी द्यायला बाहेर पडल्यावर टेबलाभोवती कोण असेल, हे त्या चार वर्षांतल्या शनिवारांवर ठरणार आहे. तेव्हा मंडळी, आज रविवार आहे, तुमच्याकडे वेळ आहे. ग्रुपवर "भेटू एकदा" असं लिहू नका. वार लिहा, वेळ लिहा, ठिकाण लिहा.

आमचा पुढचा वार येत्या शनिवारी, सकाळी आठ वाजता. असाइनमेंट सोमवारी संध्याकाळी ५:२९ पर्यंत द्यायची आहे. दोन्ही होईल.