उजेडाचा उपचार अर्ध्यात सोडू नका

ऑस्ट्रेलियात वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या किंवा गोऱ्या कुटुंबाशी सोयरीक झालेल्या मराठी मंडळींना ही कळकळीची विनंती आहे. घरातल्या आजोबांच्या टकलावरून, कानाच्या पाळीवरून, मनगटाच्या वरच्या बाजूने एकदा बोट फिरवून पाहा. पॉलिशपेपरसारखा खरखरीत डाग डोळ्यांआधी बोटाला कळतो. त्याला ॲक्टिनिक केराटोसिस म्हणतात. आयुष्यभर अंगावर घेतलेल्या उन्हाची ती खूण. हा कॅन्सर नव्हे आणि बहुतेक डाग तिथवर जातही नाहीत. पण कोणता जाईल हे आधी सांगता येत नाही.

एखाददुसरा डाग असेल तर गोठवून काम भागतं. कपाळभर असतील तर डॉक्टर फोटोडायनॅमिक थेरपी सुचवतात. पापुद्रे खरवडून मलम लावतात आणि तो भाग सुमारे तीन तास झाकून ठेवतात. मलमापासून बिघडलेल्या पेशींत एक द्रव्य साठतं, आणि लाल दिवा पडला की तेच त्या पेशींना मारतं.

दिव्याखालच्या त्या काही मिनिटांत आग आग होते. हे आधी कुणी सांगितलेलं नसलं की माणूस घाबरतो आणि पुढच्या वेळी जायलाच नको म्हणतो. तुम्ही आधी सांगा. पंखा, गार पाण्याचा फवारा, मध्ये थोडा विसावा हे सगळं मागता येतं, संकोच नको. दिवसाच्या उजेडातल्या पद्धतीबद्दलही जरूर विचारा. तिच्यात मलम लावल्यावर अर्ध्या तासाच्या आत बाहेर जाऊन दोन तास बसायचं असतं. पातळ डागांना ती चांगली लागू पडते आणि दुखणं अगदी कमी. सनस्क्रीन मात्र दवाखान्यात सांगतील तेच लावा. झिंकचं लावलं तर हवा तो उजेडच अडतो.

नंतर आठवडा-दोन आठवडे लाली राहते, खपल्या धरतात. त्या ओढून काढू नका.

जाड, दुखरा, भराभर वाढणारा किंवा रक्त येणारा डाग असेल तर आधी तुकडा काढून तपासायचा आग्रह धरा. हा उजेड खोलवर पोचत नाही.

आपली सावळी कातडी बरीच सुरक्षित आहे. पण आपल्यात कुणाला जन्मतः अल्बिनिझम असेल किंवा कुणाची किडनी बदललेली असेल, तर त्यांचीही कातडी नियमित तपासून घ्या.

क्वीन्सलँडमधल्या नॅम्बर गावी १९९२ पासून साडेचार वर्षं अभ्यास चालला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात, अशा डागांतून होऊ शकणाऱ्या स्क्वेमस सेल या त्वचेच्या कॅन्सरच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळल्या. सकाळच्या गोळ्यांबरोबर सनस्क्रीनची ट्यूबही आजोबांच्या हातात द्या.