विश्लेषण : दुचाकीतले ‘जळके ऑइल’ जाते कुठे?

पावसाळा सुरू झाला की लोणावळ्याच्या दिशेने दुचाकींची रीघ लागते. घाट चढून दमलेल्या गाडीचे ऑइल बदलणे हे गॅरेजमधले दहा-पंधरा मिनिटांचे काम. मात्र इंजिनातून काढलेल्या लिटरभर काळ्या तेलाचे पुढे काय होते, हा प्रश्न मावळात महत्त्वाचा आहे.

घाटात ऑइलवर ताण का येतो?

द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. त्यामुळे मुंबईहून येणाऱ्या दुचाकी जुन्या महामार्गाने बोरघाट चढतात. खोपोली ते लोणावळा ही चढण सुमारे साडेपाचशे मीटरची. खालचा गिअर आणि शनिवार-रविवारची कोंडी, यांत हवेने थंड होणारी इंजिने तापतात, कारण गाडी रेंगाळली की वारा मिळत नाही. अशा उष्णतेने ऑइलचा कस लवकर कमी होतो.

मोटारीचे ऑइल दुचाकीत चालते का?

नाही. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच ऑइल पुरते. मोटारीच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात; त्यामुळे क्लच घसरू शकतो. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए २’ ही खूण पाहावी. ‘१०डब्ल्यू-३०’ यासारखा दर्जा आणि किती किलोमीटरला ऑइल बदलायचे, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

पातळी कशी तपासावी?

गाडी सपाट जागी, मधल्या स्टँडवर सरळ उभी करावी. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे आणि दोन-तीन मिनिटे थांबावे. पट्टी पुसून पुन्हा बुडवावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. ऑइल दुधाळ दिसले तर इंजिनात पाणी शिरल्याची शक्यता असते. अशा वेळी वरून भर न घालता गाडी मेकॅनिकला दाखवावी.

जुन्या ऑइलचा धोका काय?

वापरलेल्या ऑइलमध्ये धातूंचे सूक्ष्म कण आणि ज्वलनातून आलेली घातक रसायने मिसळलेली असतात. एका वेळच्या ऑइल बदलातले तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित करू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावते आणि पुढे देहू, आळंदीला जाते. पवनेचे पाणी रावेत येथून उचलून पिंपरी-चिंचवडला पुरवले जाते. मावळातल्या गटारात ओतलेले ऑइल पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर याच नद्यांच्या वाटेला लागते. सेंटरिंगच्या प्लेटांना लावणे, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासणे किंवा जाळणे हे त्याचे रूढ उपयोगही निर्धोक नाहीत.

नियम काय सांगतात?

वापरलेले तेल हा घातक कचरा मानला जातो. २०१६ च्या घातक कचरा नियमांत २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ लागू झाली. त्यानुसार वंगणतेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराचे बंधन आहे. २०२४-२५ साठी हे उद्दिष्ट ५ टक्के होते. ते टप्प्याटप्प्याने ५० टक्क्यांपर्यंत जाणार आहे. नोंदणीकृत केंद्रात शुद्ध केलेल्या तेलापासून पुन्हा वंगण तयार होते.

गाडीमालकाच्या हातात काय आहे?

कंपनीचे बंधन कागदावर कितीही कडक असले, तरी तेल गोळा झाले तरच ते पूर्ण होईल. साखळीची पहिली कडी रस्त्याकडेचे गॅरेज हीच आहे. काढलेले ऑइल पिंपात साठवले जाते का आणि ते कोण नेते, हे मेकॅनिकला विचारावे. घरी ऑइल बदलणाऱ्यांनी ते पाणी किंवा पेट्रोल न मिसळता बंद डब्यात भरून अशा गॅरेजला द्यावे. भेसळखोरांनी नव्या ऑइलचा रिकामा डबा पुन्हा भरून विकू नये, म्हणून तो समोरच फोडून घ्यावा. ऑइल बदलण्याचे काम नवे ऑइल भरल्यावर संपत नाही. जुने ऑइल योग्य हाती गेल्यावरच ते पूर्ण होते.