मध्यबिंदूपासून डिब्रुगड दूरच

आसामच्या पूर्व भागातील डिब्रुगडपासून दिल्ली आणि नागपूर जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, हे नकाशा पाहूनही चटकन पटत नाही. सरळ रेषेत दोन्ही अंतरे सुमारे 1,760 किलोमीटर भरतात. जेट विमानाला त्यासाठी पावणेतीन-तीन तास पुरतात. दिल्लीकराला थेट विमान असल्याने तेवढ्याच वेळात डिब्रुगड गाठता येते. नागपूरकर दिल्लीमार्गे निघाला, तर त्याचे अंतर 2,600 किलोमीटरवर जाते आणि मधल्या विमानतळावरील प्रतीक्षा धरता सारा दिवस मोडतो.

हा दोष भूगोलाचा नाही. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने रात्री नागपुरात एकत्र येत व टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परतत. देशाच्या मध्यावर असण्याचे मोल तेव्हा टपाल खात्याने ओळखले होते. प्रवाशांच्या वाट्याला मात्र ते आले नाही.

केंद्राने प्रयत्न केले नाहीत, असे म्हणता येणार नाही. किफायतशीर मार्गांवरील क्षमतेचा काही हिस्सा ईशान्येकडे वळवण्याचे बंधन विमान कंपन्यांवर 1994 मध्ये घालण्यात आले आणि 2016 च्या नागरी विमान वाहतूक धोरणाने ते कायम ठेवले. परंतु विमान ईशान्येत उतरले की अट पूर्ण होते. ते कोठून सुटावे, याविषयी आग्रह नाही. साहजिकच कंपन्या महानगरांनाच पसंती देतात. ‘उडान’ योजनेतील 600 किलोमीटरची मर्यादाही 2023 मध्येच उठली. तोवर असा लांबचा मार्ग तिच्या कक्षेबाहेरच होता.

नागपूर-डिब्रुगड मार्गावर रोज विमान भरेल इतके प्रवासी नाहीत, हा कंपन्यांचा युक्तिवाद खोटा नाही. पण उपायही नकाशातच आहे. कोलकातामार्गे हे अंतर सुमारे 1,840 किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेपेक्षा जेमतेम 70-80 किलोमीटर अधिक होते. तेच विमान कोलकात्यात थांबून पुढे गेले, तर तिन्ही शहरांचे प्रवासी मिळतील आणि कोणालाही विमान बदलावे लागणार नाही. आठवड्यातून दोन फेऱ्यांनी आरंभ करता येईल. आरंभीचा तोटा ‘उडान’च्या निधीतून भरून देणे अशक्य नाही.

अप्पर आसामातील तेलक्षेत्रात, लष्करी ठाण्यावर वा प्रशासनात नेमणूक झालेल्या वैदर्भीय माणसाला या हिशेबाचा अर्थ सांगावा लागत नाही. पहाटे वडील गेल्याचा निरोप येतो, तेव्हा त्याच दिवशी अंत्यदर्शन घडेल की नाही, हे किलोमीटर ठरवत नाहीत. विमानांचे वेळापत्रक ठरवते. नेमणुकीचा आदेश देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात धाडणाऱ्या शासनाने परतीच्या वाटेचाही विचार केला पाहिजे.