घरी बांधलेल्या मोटारीला इंजिन कोणते?

आपल्याकडे कोणी हौसेने रेडिओ जोडतो, कोणी दुर्बिणीचा आरसा घासत बसतो. ब्रिटनमध्ये असाच एक छंद गेली साठ-सत्तर वर्षे चालत आलेला आहे, तो म्हणजे स्वतःच्या गॅरेजात लहानशी, दोन आसनांची, उघडी शर्यती मोटार बांधण्याचा. लोखंडी नळ्या कापून सांगाडा जोडणे, पत्रा वाकवणे ही कामे चिकाटी असली तर शिकता येतात. पण इंजिन, गिअरबॉक्स, मागचा आस, स्टिअरिंग आणि ब्रेक हे भाग कोणी घरी बनवत नाही. ते एखाद्या जुन्या, बहुधा पत्रा गंजलेल्या गाडीतून काढून घेतात. अशा गाडीला तिकडे ‘डोनर’ म्हणजे दाता म्हणतात. रक्तदाता, नेत्रदाता, तसा हा मोटारदाता!

मग दाता कोणता निवडावा आणि इंजिन कोणते घ्यावे? हा प्रश्न वर्गात टाकला की उत्तर ठरलेले असते: ज्याची अश्वशक्ती सर्वांत जास्त ते. हे उत्तर मला मान्य नाही. माझे म्हणणे असे की, आधी गाडीचे वस्तुमान ठरवावे, मग दाता निवडावा, आणि त्या दात्याचेच इंजिन घ्यावे. अश्वशक्तीचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा. हे पटवून देण्यासाठी शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान जवळजवळ पुरते.

थोडा इतिहास आधी पाहू. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची गाडी बाजारात आणली. तिला दारे नव्हती, टप नावापुरता होता आणि वजन पाचशे किलोंच्या आतबाहेर होते. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदीकर लागे, पण सुट्या भागांचा संच विकत घेऊन गाडी घरी जोडली तर तो वाचत असे. त्यामुळे पुष्कळ गिऱ्हाइकांनी सेव्हन घरीच जोडली. तिच्यातील सुरुवातीचे फोर्डचे ११७२ घन सेंटिमीटरचे इंजिन सुमारे ४० अश्वशक्तीचे होते, आणि तरीही ती गाडी शर्यतींत चमकली. १९७३ साली सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. पुढे १९९६ साली रॉन चॅम्पियन यांचे एक पुस्तक निघाले. अवघ्या अडीचशे पौंडांत अशी गाडी कशी बांधावी, हे त्याच्या नावातच सांगितलेले होते. चौकोनी पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टमधून काढलेले भाग, अशी त्यांची कृती होती.

एस्कॉर्टच का? ती काही फार वेगवान गाडी नव्हती. कारण तिच्या रचनेत आहे. १९६८ ते १९८० या काळातल्या एस्कॉर्टचे इंजिन पुढे, लांबीच्या दिशेने बसवलेले असे. त्याच्यामागे गिअरबॉक्स, तेथून मागे जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट आणि शेवटी डिफरन्शियलसह मागचा आस. आपल्या वाचकांनी प्रीमियर पद्मिनी पाहिली असेल (मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून गेल्या). तिची मांडणी हीच होती. सेव्हनची मांडणीही हीच, म्हणून एस्कॉर्टचे भाग त्याच क्रमाने उचलून नव्या सांगाड्यात ठेवता येतात. याउलट मारुती ८०० चे इंजिन आडवे असते आणि पुढची चाके फिरवते. लांबट, चिंचोळ्या नाकाच्या सेव्हनमध्ये ते मावायचे कसे, हाच आधी प्रश्न पडेल. १९८० नंतरची एस्कॉर्टही अशीच पुढच्या चाकांवर चालणारी झाली आणि या कामापुरती बाद ठरली. नाव एकच असले तरी रचना पाहूनच दाता निवडावा लागतो, तो यासाठी.

आता अश्वशक्तीकडे वळू. समजा, चालक धरून आपल्या गाडीचे वस्तुमान ६०० किलोग्रॅम आहे आणि इंजिन मागची चाके फिरवते. गाडी वेग घेऊ लागली की भार मागे सरकतो, म्हणून ६० टक्के भार मागच्या चाकांवर आहे असे धरू. टायर आणि कोरडा डांबरी रस्ता यांच्यातील घर्षण गुणांक ०.९ घेऊ. तर मागची चाके गाडीला जास्तीत जास्त किती बलाने पुढे ढकलू शकतील?

६०० × ०.६ × ९.८ × ०.९ = सुमारे ३१७५ न्यूटन.

इंजिन कितीही मोठे आणा, याहून अधिक बल रस्ता घेत नाही. जादा जोर लावला तर चाके जागच्या जागी घसरतात, रबर जळते आणि बघ्यांची करमणूक होते, एवढेच.

शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, हे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे. १०० अश्वशक्तीच्या इंजिनातील समजा ८५ अश्वशक्ती चाकांपर्यंत पोहोचली, तर ती सुमारे ६३,४०० वॅट होते. तिला ३१७५ ने भागले की वेग येतो सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. अर्थ असा की ताशी ७२ किलोमीटरच्या खाली या गाडीला १०० अश्वशक्तीसुद्धा पूर्ण वापरता येत नाही! दीडशे अश्वशक्तीचे इंजिन घेतले तर हाच वेग ताशी १०८ किलोमीटर येतो. इंजिन दर क्षणी कमाल शक्ती देत नसल्याने हा हिशेब ढोबळ आहे, पण त्याचा रोख चुकीचा नाही. वरच्या ५० अश्वशक्तीसाठी पैसे मोजून जे मिळते ते ७२ च्या पुढे, आणि पूर्णपणे तर १०८ च्या पुढे. तेथे पुन्हा हवेचा विरोध आडवा येतो. त्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. कमाल वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा, तर शक्ती सुमारे ३३ टक्क्यांनी वाढवावी लागते.

मोठ्या इंजिनाचे वजनही मोठे असते, हे विसरता येत नाही. पुढच्या चाकांवर ६० किलोंचा जादा भार पडला असे समजा. ५५० किलोंच्या गाडीत आधी दोन्ही आसांवर २७५–२७५ किलो असतील, तर आता पुढे ३३५ आणि मागे २७५. म्हणजे पुढचा वाटा ५५ टक्के झाला. अशी गाडी वळणावर नाक आत घेत नाही, बाहेर पळू पाहते. मग पुढच्या स्प्रिंगा बदला, त्यासाठी सांगाडा मजबूत करा, त्याने वजन आणखी वाढले म्हणून ब्रेक बदला. ही साखळी एकदा सुरू झाली की संपत नाही.

येथे एखादा चतुर विद्यार्थी हात वर करील. तो म्हणेल, “सर, घर्षणबल वस्तुमानाच्या प्रमाणात आणि जडत्वही वस्तुमानाच्याच प्रमाणात. समीकरणातून वस्तुमान कटून जाते. मग जड गाडी आणि हलकी गाडी सारख्याच अंतरात थांबायला हव्यात.” शंका उत्तम आहे. पण रबराचा टायर पुस्तकातल्या लाकडी ठोकळ्यासारखा वागत नाही. त्याच्यावरचा भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा कमी वाढते, म्हणजे भार वाढला की घर्षण गुणांक थोडा घसरतो. त्याच टायरवर हलकी गाडी जड गाडीपेक्षा चांगली वळते, ती यामुळे. दुसरी गोष्ट उष्णतेची. सेकंदाला ३० मीटर वेगाने जाणारी ६०० किलोंची गाडी थांबवताना गतिज ऊर्जेचे २७० किलोज्यूल उष्णतेत जातात. हजार किलोंच्या गाडीचे ४५० किलोज्यूल होतात. ही उष्णता पोटात घेतात ते ब्रेकच. म्हणून वस्तुमान कमी केले तर वेग घेणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे सुधारतात. शक्ती वाढवली तर त्यांतले पहिलेच सुधारते, आणि तेही वर पाहिले तेवढेच.

“मग मोटारसायकलचे इंजिन का नको?” हा पुढचा प्रश्न अगदी रास्त आहे. १९९८ साली आलेल्या यामाहा आर-१ चे ९९८ घन सेंटिमीटरचे इंजिन सुमारे १५० अश्वशक्तीचे होते. अशी इंजिने गिअरबॉक्ससकट ७०–८० किलोंच्या आसपास भरतात. हलके आणि ताकदवान, म्हणजे आमच्या कसोटीला पुरेपूर उतरणारे! ब्रिटनमधल्या पुष्कळ हौशी लोकांनी ती वापरलीही आहेत. पण यात एक सुंदर अडचण आहे. सुंदर अशासाठी, की ती शुद्ध पदार्थविज्ञानाची आहे.

मोटारसायकल वळताना कलते. ती इतकी कलते, की गुरुत्वबल आणि अपकेंद्री बल यांची फलित दिशा तिच्या उभ्या मध्यरेषेतच राहते. त्यामुळे इंजिनाच्या तळातले तेल वळणावरही तळाशीच राहते, त्याला आपण वळतो आहोत याचा पत्ताच नसतो. पाण्याचा पेला तबकात ठेवून दोरीने झोके दिले तरी पाणी सांडत नाही, तोच हा प्रकार. मोटार मात्र कलत नाही. गुरुत्वत्वरणाच्या ०.९ पट त्वरणाने ती वळत असेल, तर तळातल्या तेलाचा पृष्ठभाग सुमारे ४२ अंशांनी तिरपा होतो. तेल एका भिंतीवर चढते, पंपाची तोटी उघडी पडते आणि ती तेलाऐवजी हवा ओढते. लांब वळण असले की बेअरिंगवरचे तेलाचे पटल नाहीसे होऊन धातूवर धातू घासू लागतो आणि इंजिन कामातून जाते. यावर उपाय आहेत. तळात आडवे पडदे बसवतात किंवा तेलाची टाकी वेगळी करतात. शिवाय बहुतेक मोटारसायकलींना मागे जाण्याचा गिअर नसतो, तोही वेगळा बसवावा लागतो. जाणकाराने हे सगळे जरूर करावे. पहिलीच गाडी बांधणाऱ्याने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याने काय करावे? जुन्या एस्कॉर्टना आता संग्राहकांचा भाव आला आहे, त्या स्वस्त राहिल्या नाहीत. माझी पसंती १९८९ साली निघालेल्या माझदा एमएक्स-५ ला आहे. हिचे इंजिन १.६ लिटरचे, सोळा व्हॉल्व्हचे आणि सुमारे ११५ अश्वशक्तीचे. बसवलेले लांबीच्या दिशेने, फिरवते मागची चाके. मूळ गाडी सुमारे ९५० किलोंची, म्हणजे तिचे ब्रेक आपल्या ६०० किलोंच्या गाडीला मुबलक होतात. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकमेकांसाठीच बनवलेले. एकाचे इंजिन आणि दुसऱ्याचा गिअरबॉक्स असा संसार मांडला, की जोडपट्ट्या घडवण्यात आणि क्लचच्या खाचा जुळवण्यात महिने जातात आणि गाडी ठोकळ्यांवर धूळ खात पडते. अर्धवट राहिलेल्या गाडीची अश्वशक्ती शून्य असते.

विजेच्या गाडीचे काय, असे आज कोणीही विचारील. विजेची मोटर चाक फिरण्याच्या क्षणापासूनच भरपूर पीळ देते, हे खरे. पण निसान लीफच्या सुरुवातीच्या, २४ किलोवॅट-तासांच्या बॅटरीचे वजनच जवळजवळ ३०० किलो होते. म्हणजे आपल्या अख्ख्या गाडीच्या निम्मे! बॅटऱ्या पुरेशा हलक्या होतील तेव्हा हा हिशेब नव्याने मांडावा लागेल.

ब्रिटनमध्ये अशी गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी तिची सरकारी तपासणी होते आणि त्यासाठी वेगळी व्यवस्था आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्वरूपात मन मानेल तसा बदल करता येत नाही. तेव्हा घरच्या जुन्या गाडीवर करवत चालवू नये! पण हौस भागवण्याचा एक चांगला मार्ग आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आहे. एसएई इंडिया ही संस्था २००७ पासून ‘बाजा’ नावाची स्पर्धा भरवते. विद्यार्थी खडबडीत जमिनीवर चालणारी एका माणसाची गाडी स्वतः बांधतात. पेट्रोलच्या गटात सर्व संघांना एकसारखेच, सुमारे १० अश्वशक्तीचे इंजिन वापरावे लागते. इंजिन निवडण्याचा मोह नियमानेच काढून घेतलेला आहे. उरते ते वस्तुमान.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. अशा स्पर्धेत दोन गाड्या आहेत. चालकासह एकीचे वस्तुमान २४० किलो, दुसरीचे २९० किलो. दोघींच्या चाकांना १० पैकी ८ अश्वशक्ती मिळते. इतर सर्व विरोध सोडून द्या आणि ३० अंशांच्या चढावर प्रत्येकीचा कमाल वेग काढा. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. नंतर जड गाडीने हलकीला गाठायचे तर तिचे इंजिन किती अश्वशक्तीचे हवे, तेही काढा. तेवढे इंजिन स्पर्धेच्या नियमांत मिळत नाही.