पाळी चुकली? आधी हिशोब पाहा



“बाळ आठ महिन्यांचं आहे, अंगावर पितं. पाळी अजून सुरू झाली नाही. सकाळी मळमळतं, फार थकवा येतो. सासूबाई म्हणतात, दूध पाजतेस तोवर दिवस जात नाहीत. हे खरं का?” हा प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कितीतरी घरांत कुजबुजत विचारला जातो.

उत्तर असे: दूध पाजण्याचा भरवसा फक्त तीन गोष्टी एकत्र असतील तरच धरता येतो. बाळ सहा महिन्यांच्या आतले हवे, ते रात्रंदिवस केवळ आईच्याच दुधावर हवे आणि पाळी परत आलेली नसावी. आठ महिन्यांच्या बाळाच्या आईला हा भरवसा उरत नाही. शिवाय बीज आधी बाहेर पडते, पाळी त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी येते. म्हणून बाळंतपणानंतर एकदाही पाळी न येता पुन्हा दिवस राहू शकतात. या बहिणीने लगेच तपासणी करावी.

इतर वेळी पाळीचा हिशोब असा ठेवा. रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. तिथपासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजा. २१ ते ३५ दिवसांचे अंतर सर्वसाधारण मानतात. दोन-चार दिवस मागेपुढे झाले तर घाबरू नका. पण नेहमीच्या तारखेवर आठवडा उलटला आणि दिवस राहण्याची शक्यता असेल, तर सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करा. आशाताईकडे ‘निश्चय’ किट मिळते, मेडिकलमध्येही किट मिळते. उत्तर ‘नाही’ आले आणि पाळी आलीच नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासा.

दिवस नसतानाही पाळी चुकते. थायरॉईड, अंडाशयाचा त्रास, वजनातला मोठा फरक, काळजी, गर्भनिरोधक इंजेक्शन, अशी कारणे असतात. चाळिशीनंतर पाळी लांबली की “आता बंद होत आली” असे समजून गाफील राहू नका. सलग बारा महिने पाळी आली नाही, तरच ती बंद झाली असे म्हणतात.

दोन गोष्टी मात्र जिवावर बेततात. पहिली, “पाळी आणायची गोळी” म्हणून मेडिकलमधून काहीही आणून घेणे. दुसरी, पाळी चुकल्यानंतर थोडे डाग दिसले की “उशिरा आली” म्हणून गप्प बसणे. कधी गर्भ पिशवीबाहेर नळीत रुजतो. तेव्हा असेच डाग दिसतात, ओटीपोटात एका बाजूला कळ येते, चक्कर येते. नळी फुटली तर पोटातल्या पोटात रक्त जाते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

आपल्या भागात हा हिशोब अधिकच गरजेचा आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा रस्ता बंद होतो. दिवस किती गेलेत हे आधी ठाऊक असेल, तर पुढची सोय वेळेत करता येते. सिकलसेलही या दोन्ही जिल्ह्यांत आहे. त्याची आणि हिमोग्लोबिनची तपासणी सुरुवातीलाच झालेली बरी. पहिल्या बारा आठवड्यांतच नाव नोंदवा आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करा.

गप्प राहण्याची किंमत गडचिरोलीने पाहिली आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वसा व अमिर्झा या गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा अहवाल आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. त्रास अंगावर काढणे हीच रीत होती.

आपल्या दीनने मात्र ही लाज आपल्यावर लादलेली नाही. अन्सारी स्त्रिया पाळी आणि गुस्लविषयी प्रेषितांना (स.) मोकळेपणाने विचारत. लाजेमुळे दीन समजून घेण्यात त्या मागे राहिल्या नाहीत, म्हणून हजरत आयेशा (रजि.) यांनी त्यांचे कौतुक केले. रमजानमध्ये सुटलेले रोजे कजा करायचे म्हणून आपण दिवस मोजतोच. इद्दतचा हिशोबही पाळीवर आणि गर्भावर ठरतो; पोटात गर्भ असेल तर तो लपवू नये, अशी पवित्र कुरआनची (सूरह बकरा, आयत २२८) ताकीद आहे. हनफी फिकहनुसार गरोदरपणातले रक्त हैज नसते, त्यामुळे नमाज माफ होत नाही. मसला आलिमांना विचारा, पण रक्त का जाते हे डॉक्टरांनाच विचारा. दोन्हीकडे पहिला प्रश्न तोच येईल: शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली?

तेव्हा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आजपासून एक बारीक खूण करायला लागा. मुलगी वयात आली असेल तर तिलाही शिकवा. आणि भावांनो, हे पान तुम्हीही वाचत असाल तर एवढे करा: घरातली बाई “तारीख उलटली” म्हणाली, तर हसण्यावारी नेऊ नका. तिला दवाखान्यात घेऊन जा.