विमान 51 मिनिटांत नागपूरला पोहोचतं का?

सातवीला वेग, वेळ, अंतर शिकवताना मी दरवर्षी एक उदाहरण घालत असे. मुंबई ते नागपूर हवाई अंतर सुमारे 685 किमी, विमानाचा वेग ताशी 800 किमी, तर वेळ किती? उत्तर साधारण 51 मिनिटं. मुलं पटकन सोडवायची, मीही खूश.

एकदा एका मुलीने काकांच्या तिकिटाची झेरॉक्स आणली. त्यावर वेळ होती 1 तास 35 मिनिटं. "बाई, मग आपलं गणित चुकलं का?" मी म्हटलं, "परीक्षेत 51 च लिही." ती मुकाट्याने जागेवर जाऊन बसली. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

गणित चुकलं नव्हतं, माझा प्रश्न अर्धवट होता. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलतं तिथपासून ते उतरून पुन्हा जागेवर थांबतं तिथपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणं, तिथली रांग, वर चढणं, खाली येताना वेग कमी करणं, सगळं त्यात आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या तर एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत. शिवाय 685 किमी हे सरळ रेषेतलं अंतर. विमान ठरलेल्या हवाई मार्गाने जातं आणि उतरताना वाऱ्याची दिशा बघून वळसाही घेतं.

आमच्या वर्गातली बहुतेक मुलं विमानात बसलेली नाहीत. पण एसटीत बसलेली आहेत! फाट्यावर थांबा, घाटात हळू, स्टँडवर दहा मिनिटं. हे सांगितलं की त्यांना विमानाचंही लगेच कळतं.

मोठ्या मुलांना मुंबई–लंडन द्यावं, अंतर सुमारे 7,200 किमी. समजा हिवाळ्यात विमान मुंबईहून दुपारी 2 ला निघालं आणि लंडनला तिथल्या घड्याळात संध्याकाळी 6.30 ला पोहोचलं. मुलं साडेचार तास लिहितात. पण तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे प्रवास 10 तासांचा. येताना वेळ बहुधा कमी लागतो, कारण खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. गणिताच्या तासाला भूगोल येतो तो असा. वेळापत्रकात मात्र आपण दोघांना वेगळ्या खोल्या दिल्यात.

पालकांनो, घरी कुणाचं विमानाचं, रेल्वेचं, एसटीचं जुनं तिकीट असेल तर फेकू नका, मुलांच्या हाती द्या.

यंदा मी प्रश्न उलटा घातलाय: अंतर 685 किमी, वेळ 1 तास 35 मिनिटं, तर सरासरी वेग किती? ताशी सुमारे 433 किमी येतो. त्याला दोन गुण. 800 चं विमान 433 वर का आलं, हे लिहायला तीन.