बारा तास कुणाच्या संमतीने?

३ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाची रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याचा निर्णय घेतला. वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानांत ९चे १० तास झाले. कारखान्यांत तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर गेली. लालबागमध्ये तेव्हा गणपतीच्या रांगा लागल्या होत्या. भारतमाता सिनेमापासून चिंचपोकळी पुलापर्यंत शुभेच्छुक पुढाऱ्यांचे फलकच फलक होते. या निर्णयाविरुद्धचा एकही मला दिसला नाही. गिरणी कामगारांच्या ज्या वस्तीने कामाचे मर्यादित तास मिळवले, त्याच वस्तीत ते गेल्याचा साधा आवाजही होऊ नये, याची मला चीड येते आणि ती मी लपवणार नाही.

नऊ तासांचा दिवस कुणी दान दिला नव्हता. कावसजी दावरांची पहिली कापड गिरणी १८५६मध्ये ताडदेवला सुरू झाली, तेव्हा सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद, एवढाच नियम होता. सप्टेंबर १८८४मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्या-अंगठ्यांचा अर्ज तयार केला. मागण्या काय होत्या, ते नीट वाचा. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. एवढंसंच मागणं; पण त्यातली रविवारची सुट्टी पदरात पडायला १० जून १८९० उजाडावा लागला. त्याआधी एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले होते, आणि त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या होत्या.

पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचीही आडकाठी उरली नाही. दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. १९०५मध्ये कामगार यावरून संपावर उतरले, दंगे झाले, चौकशी बसली, आणि १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा घातली. १९२२मध्ये ती ११वर आली, १९३४मध्ये १०वर, १९४६मध्ये ९वर, आठवड्याला ४८. हे शेवटचं विधेयक मांडलं व्हाइसरॉयच्या मंडळातले मजूरमंत्री डॉ. आंबेडकर यांनी. परळच्या बीआयटी चाळीत गिरणी कामगारांच्या शेजारी त्यांनी उमेदीची कितीतरी वर्षं काढली होती. दमलेला माणूस घरी कसा परततो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणजे आजच्या सरकारने जो आकडा आणला तो १९११चा, गोऱ्या साहेबाच्या राज्यातला आहे. आणि याला सुधारणा म्हणतात.

या बारा तासांचं समर्थनही जुनंच आहे. १८८१चा पहिला फॅक्टरी कायदा झाला, तेव्हा राष्ट्रीय बाण्याच्या बहुतेक वृत्तपत्रांनी त्याला विरोध केला. कारण काय, तर हा लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा डाव आहे, इथला नवजात उद्योग मारला जाईल, देशाचं नुकसान होईल. लँकेशायरचा स्वार्थ खराच होता. पण त्या कायद्यात होतं काय? सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नका आणि बारा वर्षांखालच्यांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नका. प्रौढ कामगारासाठी एक ओळही नव्हती. त्या गदारोळात आगरकरांचा प्रभाव असलेल्या 'मराठा'ने कामगारांची बाजू घेतली, तो अपवाद. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२मध्ये पुण्यात मांडलं की इंग्लंडचं अर्थशास्त्र जसंच्या तसं इथे लागू होत नाही. उद्योग उभे राहायचे तर सरकारने हात दिला पाहिजे. विचार मोठा होता, धाडसी होता. पण उद्योगाला हात द्यायचा म्हणजे मालकाला, हे समीकरण तेव्हापासून आपल्या डोक्यात पक्कं बसलं. कामगार हा देशात मोडतो, त्याचं हित हेही देशहित, हे सांगायला लोखंडे लागले. २०२३मध्ये उद्योगपती नारायण मूर्ती तरुणांना आठवड्याला ७० तास राबायला सांगतात तेही देशासाठीच. हा देश नेहमी दुसऱ्याच्याच झोपेतून कसा काय उभा राहतो?

सरकार म्हणतं, आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, जादा कामाला दुप्पट मोबदला आहे आणि कामगाराची लेखी संमती लागेल. संमतीचं मला सांगू नका. याच परळच्या गिरण्यांत हजारो बदली कामगार होते. पाळी सुरू व्हायच्या आधी दारात उभं राहायचं, जॉबर म्हणजे मुकादम बोट दाखवील तो आत, बाकीचे घरी. त्या दारातल्या माणसाला बारा तास राबशील का विचारा, तो अठराला हो म्हणेल. आज जॉबरच्या जागी ठेकेदार आहे, नाहीतर मोबाइलमधलं ॲप. लोअर परळच्या मॉलबाहेर फुटपाथला गाड्या लावून ऑर्डरची वाट बघणारी पोरं त्याच जागी बदलीसाठी उभी आहेत. त्यांना ९ तासही नाहीत आणि १२ही नाहीत, कारण कागदोपत्री ती कामगारच नाहीत. माझा पुतण्या तिथल्याच एका मोठ्या दुकानात कपडे विकतो. दिवसभर उभा, गिऱ्हाईक नसलं तरी टेकायचं नाही, असा तिथला दंडक. जादा वेळ थांबायच्या कागदावर त्याने सही केली आहे. सही केली नसती तर काय, हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही पडली नाही.

माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाला होते. ते सांगायचे, पाळीच्या शेवटच्या तासात धागा तुटतो तेवढाच, जोडणारा हात मात्र मंदावतो. एका साच्यावर वाकलं की दुसरा बंद पडतो, घाई होते, आणि तेव्हाच धोटा उडतो. उडालेला धोटा कुणाचा दात घेऊन जायचा, कुणाचा डोळा. नवव्या तासानंतरचे तीन तास हे तसले असतात. हिशेबात ते दुप्पट दराने दिसतात, अंगावर कसे दिसतात ते दवाखान्यात जाऊन बघावं.

शिवाय १९११चे बारा तास आणि आजचे बारा तास सारखे नाहीत. तेव्हाचा कामगार भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर राहायचा. गाळा कोंदट, माणसं दाटीवाटीची, पण गिरणी पायांवर होती. आज लोअर परळला काम करणारा नालासोपाऱ्याहून, बदलापूरहून येतो. जाऊन-येऊन चार तास लोकलला लटकण्यात. बारा आणि चार सोळा. उरलेल्या आठात झोपायचं, जेवायचं, पोराची वही बघायची. खुद्द गिरणी कामगारांना घरं द्यायची वेळ आली तेव्हा सरकारने बोट दाखवलं ते शेलू-वांगणीकडे; त्याविरुद्ध जुलै २०२५मध्ये म्हाताऱ्या माणसांना आझाद मैदान गाठावं लागलं. शेकडो एकर गिरणीच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले आणि कामगाराला जागा दाखवली ती बदलापूरच्या पलीकडे.

घरातल्या बाईचे तास तर कधी कुठल्या कायद्याने मोजलेच नाहीत. पहिल्या पाळीचे डबे भरायला खानावळवाल्या बायका पहाटे चारला चुलीपुढे बसायच्या, रातपाळीची ताटं उचलेपर्यंत उठायच्या नाहीत. सावकाराच्या व्याजात बुडालेल्या या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. पुरुष बारा तास कारखान्यात राहणार म्हणजे घरचं सगळं ओझं पुन्हा बाईवरच पडणार. मंत्रिमंडळाच्या टिपणीत हे कुणी मांडलं होतं का?

आपल्यावर एक वाक्य मारलं जातं: संपाने गिरण्या बुडवल्या, आता तरी शहाणे व्हा. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला संप हरला, हे खरं. त्याची किंमत आमच्या घरांनी मोजली. पण हरलेल्या संपाचा धाक दाखवून जिंकलेले लढेही परत मागायचे, हा कुठला न्याय? आणि गिरण्यांच्या पोरांनो, तुमच्यापैकी जे आज वातानुकूलित ऑफिसात रात्री दहापर्यंत बसतात आणि युनियनचं नाव काढलं की नाक मुरडतात, तुमची रविवारची सुट्टी लोखंड्यांनी मिळवलेली आहे. तुमच्या व्यवस्थापकाने नाही.

शिवडी, वरळी, भायखळा, माहीम इथले आमदार मतं मागायला आजही चाळींचे जिने चढतात. पुढच्या वेळी जिन्यातच थांबवून त्यांना विचारायला हवं: या निर्णयावर तुम्ही सभागृहात काय बोललात? संमतीच्या कागदावर सही न करणाऱ्याची नोकरी टिकेल, याची हमी कुठे लिहिली आहे? आणि ठेकेदाराकडचा माणूस बारा तासांनंतर तेराव्या तासालाही राबला, तर ते मोजायला तिथे कोण येणार आहे?